डाव्या खिशातलं घड्याळ

शर्यतीच्या दिवशी सकाळी घड्याळजी आपण होऊन उठला, आपण होऊन चहा केला आणि बायकोच्या हातात कप देत म्हणाला, "आज आकडा मोठ्यानं वाच. गेल्या वेळी पुटपुटली होतीस."

तिनं कप घेतला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसानं चहा केल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते, आणि त्यातले दोन तर लेक जन्मली त्या आठवड्यातले होते. एरवी तिनं विचारलं असतं, काय हो, स्वारी आज खुशीत का म्हणून. पण गुडघा ठणकून ठणकून तिची झोप झाली नव्हती. शंका घ्यायची तरी अंगात थोडा जीव लागतो. ती फक्त "बरं" म्हणाली आणि चहा प्यायली. साखर विसरला होता.

गावात तिला सगळे 'मधली' म्हणत. शाळेत ती पीटीच्या बाई होती, याच वर्षी निवृत्त झाली. पण ती ओळख पोरांपुरती. बाकीच्यांसाठी ती मधली, कारण दर चार वर्षांनी दोन देशांच्या मधोमध घड्याळ धरून उभं राहायचं काम तिचं. आजची तिची आठवी खेप होती.

हे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. मोठं युद्ध संपलं तेव्हा सगळ्या देशांनी कानाला खडा लावला की पुन्हा बंदूक म्हणून उचलायची नाही. ठीक. पण जमिनीची भांडणं काही बंदुकीबरोबर पुरली जात नाहीत. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की दर चार वर्षांनी सगळ्या देशांनी एका शहरात जमावं, दहा दिवस धावावं, पोहावं, उड्या माराव्यात, आणि ज्या दोन देशांत एखाद्या तुकड्यावरून वाद आहे त्यांचे गुण शेजारीशेजारी मांडावेत. ज्याचे जास्त, तुकडा त्याचा, पुढच्या खेळांपर्यंत. तह झाला, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. तेव्हापासून कुठलंसं बेट एका पोहणाऱ्या पोरीच्या नखाएवढ्या फरकानं या देशातून त्या देशात जात होतं, आणि एक अख्खी खिंड एका भालाफेक्याच्या दुखऱ्या खांद्यापायी गेली होती.

इथली पट्टीही तशीच. दोन नद्यांच्या मधला जेमतेम दीड तासाच्या चालीचा पट्टा, त्यात एक गाव. वरच्या नदीवर वरचा पूल, पलीकडे वरचा देश. खालच्या नदीवर खालचा पूल, पलीकडे खालचा देश. पट्टी ज्याची, त्याचा पूल उघडा आणि दुसरा बंद. बंद म्हणजे ठार बंद. पट्टीवाल्यांना पासपोर्ट कुणीच देत नसे, कारण आज दिला तर चार वर्षांनी तो कुठल्या देशाचा म्हणायचा? पट्टीनं मालक बदलला की शाळेची पुस्तकं बदलत, टपालपेट्या नव्यानं रंगवल्या जात, आणि गावातली सगळी घड्याळं अर्धा तास पुढे नाहीतर मागे सरकत, कारण दोन देशांच्या वेळेतही अर्ध्या तासाचा फरक. नगर कचेरीच्या माळ्यावर दोन्ही देशांच्या पाट्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. एक उतरली की दुसरी चढायची. लढाई होत नव्हती हे खरं, लढाईत माणसं मेली असती हेही खरं. तेव्हा ज्यांना नुसता कंटाळा आला होता त्यांनी तक्रार तरी कुठल्या तोंडानं करायची?

गेली आठ वर्षं पट्टी वरच्या देशाकडे होती. नऊ वर्षांपूर्वी, खालचा पूल उघडा असताना, मधलीची लेक खालच्या देशात दिली. चांगलं स्थळ, चांगला मुलगा, पुलावरून सायकलनं वीस मिनिटं. सायकलवर बसून लेक दर रविवारी यायची, येताना रिकामे डबे आणायची आणि जाताना भरलेले न्यायची. वर्षभरानं खेळ झाले, पट्टी वरच्यांकडे गेली आणि पूल बंद झाला. लेक तेव्हा पोटुशी होती.

नात आता साडेसात वर्षांची. मधलीनं तिला पाहिलेलं नव्हतं. पत्रं तिसऱ्याच देशातून फिरून तीन आठवड्यांनी पोचायची, आणि फोटो पाकिटातून काढून घेतले जायचे; का, ते कुणी सांगत नसे. मग लेकीनं शक्कल काढली. दर वाढदिवसाला ती पोरीला कागदावर उभं करायची, पायाभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद पाठवून द्यायची. नुसत्या पायाला कोण हरकत घेणार? स्वयंपाकघराच्या भिंतीवर असे सात पाय एकाखाली एक लावलेले होते. पहिला बिस्किटाएवढा. सातव्याचा अंगठा बाहेरच्या बाजूला जरा वाकलेला, थेट आजोबांसारखा.

आणि नातीला आजी कशी ठाऊक होती? रेडिओवरून. शेवटची शर्यत सगळीकडे ऐकवली जायची आणि वेळ वाचून दाखवायची ती मधलीनं. मागच्या खेळांनंतर लेकीनं लिहिलं होतं की तुझी नात रेडिओला कान लावून बसली होती, आणि आता कुणी विचारलं की सांगते, माझी आजी म्हणजे आकडे म्हणणारी बाई. मधली ते पत्र वाचून हसली होती आणि मग न्हाणीघरात जाऊन भरपूर रडली होती.

एवढंच असतं तर तिनं डोळे मिटून खालच्या देशाच्या बाजूनं नवस बोलला असता. पण दोन वर्षांपूर्वी घड्याळजीची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून दोनदा त्याला डायलिसिसला न्यावं लागायचं, आणि ते मशीन होतं वरच्या पुलाच्या पलीकडे, बसनं पाऊण तासावर. खालच्या देशातलं मशीन त्यांच्या राजधानीत, आगगाडीनं दीड दिवस. आठवड्यातून दोनदा दीड दिवस जायचं आणि दीड दिवस यायचं, हे गणित पीटीच्या बाईंनाही जमण्यासारखं होतं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं: मशीन चुकलं की पंधरा दिवस, फार तर तीन आठवडे.

लेकीला यातलं काही कळवलं नव्हतं. पूल बंद असताना कळवून काय करायचं होतं? तिथं बसून तिनं नुसतं झुरायचं. पत्रात बाबा मजेत असत, दुकानात असत, हल्ली जरा कमी जेवत एवढंच.

तर असा तिचा जीव दोन पुलांवर टांगलेला. पट्टी वरच्यांकडे राहिली तर नवरा राहील आणि लेक जाईल आणखी चार वर्षं लांब. खालच्यांकडे गेली तर उलट. रोज सकाळी उठून यातलं काय मागायचं ते ठरवायचं आणि संध्याकाळपर्यंत बदलायचं, असं तिचं वर्षभर चाललं होतं. शेवटी शेवटी तिनं मागणंच सोडून दिलं.

यंदाच्या खेळांत दहा दिवस दोन्ही देश असे काही बरोबरीनं चालले की रेडिओवाल्याचा घसा बसला. वरच्यांनी कुस्तीत कमावलं ते नौकानयनात घालवलं. खालच्यांची लांब उडीवाली पडली, पण त्यांच्या तिरंदाजाचा नेम लागला. दहाव्या दिवशी गुण बरोबर समान. आता सगळं शेवटच्या शर्यतीवर, आणि तहात लिहिलं होतं की शेवटची शर्यत वादातल्या जमिनीवरच व्हायची: पाच हजार मीटर, शाळेच्या मैदानावर, साडेबारा फेऱ्या.

त्या आठवड्यात मधलीला बाहेर पडायची चोरी झाली. कुणी काही बोलत नव्हतं, पण चपलांच्या दुकानवाल्याचा सख्खा भाऊ खालच्या पुलापलीकडे होता आणि त्यानं तिच्या तुटलेल्या चपलेला टाका घातला, ती हात जोडल्याशिवाय काही त्याला परत देववेना. दूधवाल्याची पोरगी वरच्या देशात कॉलेजात होती. तो दोनदा विचारून गेला की बाई, तब्येत बरी ना. तिनं काय सांगावं? घड्याळ जे दाखवतं ते ती वाचते. सात वेळा तिनं तेच केलं होतं आणि प्रत्येक वेळी अर्ध्या गावानं महिनाभर तिच्याशी अबोला धरला होता, दर खेपेला वेगळ्या अर्ध्यानं.

*

शर्यतीची रीत अशी होती. दोन्ही धावपटू एकत्र धावत नसत. पहिल्याच खेळांत त्यांनी वळणावर एकमेकांना कोपरं मारून दात पाडले होते. म्हणून आधी पट्टी ज्याच्याकडे आहे त्याचा माणूस एकटा धावायचा, मग दुसऱ्याचा. पण त्यांच्या घड्याळावर आमचा माणूस मोजायचा नाही, असं दोन्हीकडून निघालं. म्हणून घड्याळं दोन, प्रत्येक देशाचं आपलं. आणि दोन्ही साफ करून, तेल देऊन, लावून द्यायला पट्टीत एकच कारागीर होता, तो मधलीचा नवरा. शर्यतीच्या सकाळी दोन्ही देशांचे कारकून यायचे, रेडिओच्या ठोक्यांवर एकेक घड्याळ पुरतं एक मिनिट चालवून बघायचे, लाखेची मोहोर लावायचे आणि पेटीत ठेवायचे.

आजही तसंच झालं. वरचा कारकून जाडा, खालचा किडकिडीत. दोघं आठ वर्षांपासून एकमेकांशी फक्त तिच्यामार्फत बोलत. बाई, यांना सांगा सही इथं करा. बाई, यांना सांगा मला वाचता येतं. घड्याळं मिनिटाला चोख निघाली. मोहोर लागली.

आधी वरच्या देशाचा धावपटू. मधलीनं त्यांच्या घड्याळाची मोहोर तोडली, पिस्तुलाचा धूर दिसला तसा अंगठा दाबला. धूर बघायचा, आवाज ऐकायचा नाही. आवाज उशिरा पोचतो. मैदानावर गाव बसलेलं, पण ओरडायला बंदी, म्हणून त्या माणसाच्या बुटांचा आवाज तेवढा येत राहिला. साडेबारा फेऱ्यांनी तो दोरीवर आला आणि तिनं अंगठा दाबला. तेरा मिनिटं, एकोणसाठ सेकंद, वर काही नाही. माईकपाशी तिनं मोठ्यानं वाचलं. घड्याळजीनं सांगितलं होतं म्हणून, आणि खालच्या पुलापलीकडे कुणीतरी कान लावून बसलं होतं म्हणून.

नियमानं ते घड्याळ लगेच पेटीत जायला हवं. पण कारकून दोघंही आकडा लिहून घेण्यात आणि एकमेकांचा आकडा तपासण्यात गुंतलेले असत, आणि पहिल्याच खेपेला, एकतिसाव्या वर्षी, तिनं भीतीपोटी एक गोष्ट करून ठेवली होती. दुसरं घड्याळ मध्येच बंद पडलं तर? म्हणून पहिलं तिनं शून्यावर आणून कोटाच्या डाव्या खिशात टाकलं होतं आणि दुसऱ्या धावपटूला उजव्या हातातल्या घड्याळाबरोबर खिशातल्या खिशात तेही लावलं होतं. काही बंद पडलं नाही. पण सवय लागली ती लागली. सात शर्यतींत दोन्ही घड्याळं दुसऱ्या धावपटूची तीच वेळ दाखवत आली होती, आणि ती खिशातलं गुपचूप शून्यावर आणून पेटीत ठेवत आली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, तो म्हणाला असता, माझ्या कामावर विश्वास नाही का?

खालच्या देशाचा धावपटू कोवळा होता, कान मोठे, मान बारीक. तिनं दुसरी मोहोर तोडली. धूर दिसला, उजवा अंगठा दाबला, डावाही दाबला. पोरगं पहिल्या फेरीपासूनच जिवावर उदार होऊन धावत होतं. दहाव्या फेरीला त्याचा चेहरा पांढरा पडला. मधलीनं त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची ती दोरी, माणूस नाही. माणूस बघितला की अंगठा कच खातो. शेवटच्या वळणावर गावातून एक हुंकार उठला, कुणी ओरडलं नाही, नुसता श्वास. पोरगं दोरीवर आलं, तिनं दोन्ही अंगठे दाबले, आणि पोरगं मैदानावर उताणं पडलं.

तिनं उजव्या हातातलं घड्याळ बघितलं. तेरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद आणि एक भाग. सेकंदाचे पाच भाग असतात त्यातला एक.

म्हणजे खालचा देश जिंकला. म्हणजे पूल उघडणार. क्षणभर तिला गुडघा असल्याचंही आठवलं नाही. साडेसात वर्षांची पोर, अंगठा वाकडा. वीस मिनिटं सायकलनं.

आणि सवयीनंच, तोवर सवयीनंच, तिनं डावा खिसा उघडून आत बघितलं. तेरा मिनिटं एकोणसाठ सेकंद आणि दोन भाग.

एक सेकंद आणि एक भागाचा फरक. सात शर्यतींत एका भागाचाही पडला नव्हता.

घड्याळ कुठलंही असो, दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेलेली. आठवडाभर तो दुकानात दार लावून बसला होता, डोळ्याला भिंग लावून. मिनिटाला कळणार नाही, पण चौदा मिनिटांत एक सेकंद मागे राहील, एवढं घड्याळ हळू करणं हे काम पट्टीत एकाच माणसाला येत होतं. तो सकाळी उठला होता, चहा केला होता. आकडा मोठ्यानं वाच म्हणाला होता.

तिला एकदम कळलं, आणि तिला त्याचा संताप आला. याला मरायचंय. हा माणूस मला लेक देऊन मरायला निघालाय, आणि मला विचारलंसुद्धा नाही.

"बाई, आकडा," खालचा कारकून म्हणाला. वरचाही मान लांब करून उभा. माईक तिच्या तोंडापाशी. आधी तिनं वाचायचं, मग घड्याळ दोघांना दाखवायचं, अशी रीत.

उजवा हात पुढे केला असता तर झालं असतं. कुणाला काही कळलं नसतं. डावं घड्याळ बाहेर काढलं असतं तर खरं काय ते निघालं असतं, वरचेच जिंकले होते दोन भागांनी. पण मग घड्याळजीला दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं असतं, त्याच्या हातांना, ज्या हातांनी गावातलं प्रत्येक घड्याळ लावलं होतं.

तिनं उजवा अंगठा तिसऱ्यांदा दाबला.

घड्याळाचा पहिला दाब चालू करतो, दुसरा थांबवतो, तिसरा काटे शून्यावर नेतो. वेळ वाचायच्या आधी तिसरा दाब म्हणजे नवख्याची चूक. शाळेत ती पोरांना घड्याळ धरायला शिकवायची तेव्हा पहिल्याच दिवशी सांगायची, तिसऱ्याला हात लावाल तर फटके. अशी चूक तिनं उभ्या आयुष्यात केली नव्हती.

काटे शून्यावर गेले. मधलीनं माईकमध्ये मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "वेळ मिळालेली नाही. माझा अंगठा चुकला."

मग मैदानावर जे व्हायचं ते झालं. वेळ वाचली गेली नाही तर शर्यत बाद आणि पट्टी आहे तिथंच, असं तहाच्या कलमात होतं. जाड्या कारकुनाला ते कलम तोंडपाठ निघालं. किडकिडीत कारकून आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलला, आणि बोलला ते इथं सांगण्यासारखं नव्हतं. पोरगं गवतावरून उठून बसलं होतं आणि आपण किती वेळात आलो ते कुणी सांगेल का म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघत होतं. त्याच्याकडे मात्र मधलीला बघवलं नाही. चपलांचा दुकानवाला गर्दीतून पुढे आला, तिच्यासमोर थांबला, तिच्या पायातल्या सांधलेल्या चपलेकडे बघितलं आणि निघून गेला. पाठीमागून कुणीतरी म्हणालं की म्हातारी झाली, कशाला उभी करतात. ते तिला बरं वाटलं. म्हातारी झाली एवढंच समजले होते.

खिशातलं घड्याळ तिनं शून्यावर आणलं, पेटीत ठेवलं. चौकशीच्या कागदावर सही केली. यापुढे हे काम तिच्याकडे राहणार नाही, हे तिला तिथंच सांगण्यात आलं, आणि तिनं मान डोलावली.

*

घरी आली तेव्हा घड्याळजी रेडिओसमोर बसला होता. रेडिओ बंद होता. दाराजवळ तिची पिशवी भरून ठेवलेली: तिच्या दोन साड्या, गुडघ्याचं तेल, आणि कापडात गुंडाळलेलं एक मुलीच्या मनगटाचं लहानसं घड्याळ. पट्ट्याला त्यानं एकापुढे एक चार भोकं पाडली होती, पोर वाढेल तशी.

ती चप्पल न काढताच समोर बसली. मग तो म्हणाला की चूक होते माणसाकडून, मनाला लावून घेऊ नकोस. तेव्हा तिचा संयम सुटला.

"डाव्या खिशात दुसरं घड्याळ चालू होतं," ती म्हणाली.

त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"पहिल्या शर्यतीपासून."

"अठ्ठावीस वर्षं? आणि मला कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी हळू, कारागिराला राहवत नाही तसं विचारलं की फरक किती पडला. तिनं सांगितलं, एक सेकंद आणि एक भाग.

"मी एकच सेकंद ठेवला होता," तो म्हणाला. "हात थरथरतो आता."

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मग ती त्याला जे जे बोलली ते फार वर्षांचं साठलेलं होतं. तुम्ही मेल्यावर मी त्या पुलावरून कुठल्या तोंडानं जाणार होते? पोरीला काय सांगणार होते, तुझ्या बापाला विकून आले? तो मध्ये मध्ये म्हणायचा प्रयत्न करत होता की त्याला कंटाळा आलाय, त्या बसचा, त्या खुर्चीचा, हातातल्या सुईचा. आणि असं मशीनच्या जिवावर जगून तिची चार वर्षं खायची त्याला लाज वाटते. कंटाळा तर तिलाही आला होता. तसं तिनं सांगितलं. "मलाही आलाय हो. पण मला तुमचा नाही आला."

मग तिनं चप्पल काढली, पिशवी उपसली, साड्या कपाटात ठेवल्या. लहान घड्याळ त्यानं परत कापडात गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या बसनं दोघं वरच्या पुलावरून दवाखान्यात गेले. बसमध्ये अर्ध्या लोकांनी तिला जागा दिली आणि अर्ध्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

लेकीचं पत्र पाचव्या आठवड्यात आलं. वाढदिवस अजून लांब होता, पण आत पाय होता. आठवा. तळव्याच्या मधोमध पोरीनं वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: आजी, या वेळी तू दुसरा आकडा म्हणालीच नाहीस.

लेकीचा कागद वेगळा होता. नेहमी चार पानं लिहिणारी लेक, या वेळी दोनच ओळी.

"आई, तुझा अंगठा चुकत नाही. बाबांना काय झालंय ते लिही."

मधलीनं तो कागद नवऱ्यापुढे ठेवला. त्यानं भिंग न लावता, डोळ्याजवळ धरून वाचला. त्याच्या दंडावर सकाळच्या सुईची चिकटपट्टी तशीच होती. मग तो म्हणाला, "लिही. सगळं लिही."

तिनं आधी आठवा पाय भिंतीवर सातव्याच्या खाली लावला. करंगळीच्या नखाएवढा वाढला होता. मग पेन घेऊन टेबलाशी बसली आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या दिवसापासून लिहायला लागली.